मंगळवेढ्याची वार्ता पिंपळनेरास का पोहोचत नाही?
(मराठी दैनिकांच्या संपादकांस खुले पत्र)

मुंबई, पुणे व नाशिक येथून महाराष्ट्रभर आवृत्त्या काढणाऱ्या मराठी दैनिकांच्या संपादक महाशयांस,



सह्याद्रीच्या पूर्व उतरणीवर, पांझरा नदीच्या काठी, गुजरातेतील डांगच्या जंगलापासून फार दूर नसलेल्या पिंपळनेर या गावातून, आपल्या पत्रांचा अनेक वर्षांचा वर्गणीदार एवढ्याच अधिकाराने मी हे लिहीत आहे. आणि आरंभीच खुलासा करून ठेवतो की, आमच्या गावाची बातमी आपण छापत नाही अशी फिर्याद मांडण्याचा माझा हेतू नाही. बातमी आपण छापता. जिल्ह्याच्या पानावर उपबाजारातील कांद्याचा भाव असतो, जळालेले रोहित्र बदलून मिळावे म्हणून शेतकऱ्यांनी वीज कार्यालयात दिलेल्या निवेदनाचे छायाचित्र असते, खंडोजी महाराजांच्या नामसप्ताहाचा वृत्तांत असतो, आणि सत्कार तर इतके असतात की सत्कार न झालेला मनुष्य हुडकून काढणे हीच पुढेमागे एक बातमी व्हावी. माझे म्हणणे निराळे आहे. आमची ही सारी बातमी आपण आम्हांलाच वाचावयास देता. धुळ्याची हद्द ओलांडली की ते पान बदलते, त्याच्या जागी दुसऱ्या जिल्ह्याचे पान बसते, आणि पिंपळनेरला काय घडले हे पिंपळनेरकरांखेरीज फारसे कोणाच्या कानी पडत नाही. तसेच इतर जिल्ह्यांत काय घडले हे आमच्या कानी पडत नाही. या व्यवस्थेने काय होते, याची एक हकीकत आमच्या तालुक्यात घडली आहे आणि ती आपणांस ठाऊक आहे.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी वस्तीत त्या दिवशी आठवडेबाजार भरला होता, आणि त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या पावसाळ्याच्या आरंभी देशाच्या अनेक प्रांतांत मोबाइलवरून पसरली होती व तिच्यापायी आसामपासून तामिळनाडूपर्यंत माणसे मारली गेली होती; तीच अफवा येथेही आली. त्या पाच जणांस जमावाने घेरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे मरेपर्यंत मारले. पिंपळनेरच्या ठाण्यातून गेलेल्या पोलिसांवरही जमाव धावून गेला. त्या मारहाणीची चित्रफीत, ज्या वाटेने अफवा आली होती त्याच वाटेने, संध्याकाळच्या आत महाराष्ट्रभर पोहोचली. दुसऱ्या दिवशी आपले प्रतिनिधी आले, वाहिन्यांच्या छत्र्या लावलेल्या गाड्या आल्या, मंत्री आले, आणि आठवड्याच्या आत सारे परतले. मागे राहिली ती पाड्यातली ओस पडलेली घरे आणि पुढची साडेपाच वर्षे धुळ्याच्या न्यायालयातील तारखा टिपणारा जिल्ह्याचा वार्ताहर. २०२४ च्या आरंभी सत्र न्यायालयाने सात जणांस जन्मठेप सुनावली. तोवर ती एक किरकोळ बातमी झाली होती.

या घटनेवर आपल्या स्तंभांतून पुष्कळ लिहिले गेले. अज्ञान, आदिवासींचे मागासलेपण, पोलिसांवरील अविश्वास, नव्या तंत्राचा धोका, अशी कारणे मांडली गेली. व्हॉट्सॲप कंपनीने त्याच महिन्यात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल असे बंधन घातले, आणि १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध सरकारांना सविस्तर निर्देश दिले. ही कारणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु एक साधा प्रश्न त्या साऱ्या मजकुरात मला आढळला नाही. मारले गेलेले लोक बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. डौर वाजवीत, नाथांची गाणी गात, भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्यांच्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट; शासनाच्या दफ्तरात त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. सोलापूर जिल्ह्याच्या पानावर या समाजाची सुखदुःखे अधूनमधून येत असणार: त्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न, जातीच्या दाखल्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे, पालावरच्या वस्तीला न मिळणारे पाणी. ते पान साक्री तालुक्यात कधी आले काय? ज्या मंगळवेढ्याचे नाव दामाजीपंतांच्या कोठारामुळे आणि चोखोबांच्या अंतामुळे आमच्याकडचा प्रत्येक कीर्तन ऐकणारा जाणतो, त्या मंगळवेढ्याचा आजचा रहिवासी, एकाच भाषेचा, एकाच राज्याचा, कदाचित एकाच दैनिकाचा वाचक, आम्हांस इतका परका झाला की त्याच्या झोळीत मूल असेल अशी शंका घेता आली. कीर्तनकारांनी ओळख करून दिली ती शेकडो वर्षांपूर्वीच्या मंगळवेढ्याची. आजच्या मंगळवेढ्याची ओळख करून देण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी सोलापूरचे पान सोलापुरापुरते ठेवले.

वर्तमानपत्र वाचून जमाव थांबला असता असा भाबडा दावा मी करीत नाही. त्या बाजारातील पुष्कळांना वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते ते त्या वेळी वाचण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तरी त्याच रात्री मालेगावात काय घडले ते आठवावे. तेथेही एका परगावच्या कुटुंबाला, त्यांच्याजवळ लहान मूल असताना, मोठ्या जमावाने घेरले. परंतु वस्तीतील काही मंडळींनी त्यांना घरात घेतले, दारे लावली आणि पोलीस येईपर्यंत जमावाला थोपविले. जमावातली चार माणसे जरी म्हणाली की ‘थांबा, हे लोक कोण ते मी जाणतो’, तरी प्रसंग पालटतो. ते चार जाणते निर्माण करणे हेच वृत्तपत्राचे काम होय, असे मी समजतो.

आता त्याच तालुक्यातील दुसऱ्या पाड्याविषयी. बारीपाडा हेही साक्री तालुक्यातलेच, पिंपळनेरच्या परिसरातले, आदिवासींचे लहान गाव. १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या गावाने आपले उजाड झालेले रान राखावयास घेतले. कुऱ्हाडबंदी केली, चराई आवरली, नियम मोडणाऱ्यास दंड बसविला आणि पाणी अडविले. सुमारे अकराशे एकरांचे जंगल उभे राहिले, आणि ज्या गावातील लोक मजुरीसाठी बाहेर जात त्यांच्या विहिरींना पाणी टिकू लागले. दर पावसाळ्यात तेथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, पाड्यातील स्त्रिया रानातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात, आणि कोणती भाजी कोवळी असतानाच खावी व कोणती उकळून पाणी काढल्यावाचून तोंडात घालू नये, याचे ज्ञान पाहुण्यांना त्यांच्याकडून मिळते. ही सारी वार्ता जिल्ह्याच्या पानावर येत राहिली, अभ्यासक व परदेशी पाहुणेही येऊन गेले. परंतु माझ्या अनुमानाने मराठी वाचकांतील बहुसंख्यांनी बारीपाड्याचे नाव प्रथम ऐकले ते जानेवारी २०२५ मध्ये, जेव्हा चैत्राम पवारांचे नाव पद्मश्रीच्या यादीत दिल्लीहून जाहीर झाले. एका पाड्याचे नाव एका संध्याकाळी राज्याला कळले आणि दुसऱ्याचे कळावयास तीस वर्षे लागली. तालुका एक, बाजार एक, वार्ताहर बहुधा तेच. फरक एवढाच की, पहिल्या वेळी आपण पान ओलांडू दिले.

जिल्हावार पानांचा हा शिरस्ता कसा पडला हे मी जाणतो, आणि त्यात केवळ दुष्टावा नाही हेही जाणतो. ऑफसेटचे यंत्र जिल्ह्याच्या गावी आले, मजकूर तारेवरून धाडणे सोपे झाले, आणि साक्रीच्या कापड दुकानदाराला आपली जाहिरात सोलापूरच्या वाचकासमोर मांडण्याचे पैसे भरण्यात स्वारस्य नव्हते. त्याला स्वस्तात जाहिरात हवी होती, आपणांस नवा ग्राहक हवा होता, आणि आम्हांस छापलेले आपले नाव हवे होते. त्यातून आमचा लाभही झाला. पूर्वी रोहित्र जळाले तर महिनोन्‌महिने अंधार असे, हल्ली छायाचित्रासह बातमी लागली की अभियंत्याला वरून विचारणा होते. तेवढ्या उपकाराबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु जाहिरातीच्या दरपत्रकाने आखलेली हद्द वार्तेचीही हद्द ठरावी, हा निर्णय कोणत्या संपादकाने केला? मला वाटते कोणीच केला नाही; तो व्यवस्थापकाच्या टेबलावर झाला आणि संपादकाच्या टेबलावर येऊन मुरला.

पूर्वी असे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुळ्याहून ‘खानदेश वैभव’ आणि जळगावहून ‘प्रबोधचंद्रिका’ ही पत्रे निघत. त्यांचा खप तो केवढा! तरी मुंबई सरकारचा भाषांतरकार दर आठवड्यास अशा मुफसल पत्रांतील मजकूर इंग्रजीत उतरवून वरिष्ठांपुढे ठेवीत असे, कारण परक्या सरकारलाही कळत होते की खानदेशात काय खदखदते आहे हे खानदेशचे पत्रच सांगेल. राज्यकर्त्यांनी ते धास्तीने वाचले, आपण ते आपुलकीने वाचावे, एवढीच अपेक्षा. साने गुरुजींचे उदाहरण तर आमच्या घरचेच आहे: अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाच्या वसतिगृहात मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली, १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक त्यांनी खानदेशात चालविले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ सुरू केली. वसतिगृहाच्या भिंतीपासून अखिल महाराष्ट्राच्या साप्ताहिकापर्यंत तीच लेखणी, तोच जिव्हाळा. मधे कोणी हद्द आखून ठेवली नव्हती.

मुख्य प्रवाहाने दार लावले म्हणून समाजांनी आपापली पत्रे काढली, हाही इतिहास आहे आणि तो आपल्या धंद्याला फारसा भूषणावह नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढले. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असताही, ‘केसरी’ने घेतली नाही, हे त्यांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. धुळ्यात कॉम्रेड शरद पाटलांनी ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे मासिक चालविले. ही पत्रे लहान होती, परंतु ती तालुक्यापुरती नव्हती. त्यांचा वाचक विखुरलेला होता आणि म्हणूनच त्यांना साऱ्या मुलखाशी बोलावे लागे. आजच्या स्थानिक साप्ताहिकांविषयी मी तितक्या आदराने बोलू शकत नाही, हे प्रांजळपणे सांगतो. त्यांतील कित्येक २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन मुहूर्तांनाच प्रगट होतात, सरकारी जाहिरातीवर जगतात, आणि काहींची लेखणी ग्रामसेवकाला भीती घालून वर्गणी वसूल करण्यातच झिजते. गावचे पत्र म्हणजे आपोआप सत्याचे पत्र, असा भ्रम मला नाही.

पण आपल्या वार्ताहराचे तरी आपण काय केले आहे? पूर्वी बातमी कागदावर लिहून, पाकिटात घालून, ते पाकीट धुळ्याच्या एस.टी.च्या वाहकाजवळ द्यावयाचे आणि तेथे कचेरीतील शिपायाने स्थानकावर येऊन ते घ्यावयाचे, असा रिवाज होता. मजकूर तिसऱ्या दिवशी छापून येई, परंतु लिहिणाऱ्याला त्यासाठी दोनदा विचार करावा लागे. आता मोबाइलवरून क्षणात मजकूर जातो, आणि त्याच मोबाइलवर जाहिरातीच्या उद्दिष्टाचा तगादा येतो. माझ्या परिचयातील एका वार्ताहराला (त्याच्या पत्राचे नाव सांगत नाही, आणि सांगून काही निराळे कळणार नाही) दिवाळीच्या पुरवणीसाठी ठराविक रकमेच्या जाहिराती आणण्यास सांगितले होते, आणि त्याचे मानधन त्या जाहिरातींच्या टक्केवारीतूनच निघत असे. ज्या सरपंचाच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात त्याने सकाळी मागितली, त्याच सरपंचाच्या घरकुलांच्या यादीतील घोळ दुपारी त्याने लिहावा, अशी अपेक्षा धरणे म्हणजे मनुष्यस्वभावाची थट्टा होय. त्याने लिहिले नाही. मी असतो तर मीही लिहिले नसते.

आणि जो लिहितो, त्याचे काय होते? राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांनी रिफायनरीच्या प्रश्नावर बातमी लिहिली. ज्याच्याविषयी ती होती त्याच्याच गाडीखाली ते ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, बातमी छापून आली त्याच दिवशी, चिरडले गेले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. खुनाचा गुन्हा दाखल झाला तो सर्वत्र ओरड झाल्यावर. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्येच कायदा केला होता. कायदा मुंबईत होतो. वार्ताहर मात्र रोज त्याच रस्त्याने घरी जातो, आणि त्या रस्त्यावर त्याला ओळखणारे सगळे असतात. त्याच्यामागे सारे राज्य वाचते आहे एवढी खात्री असती, तर गाडी चालविणाऱ्याचा हात थोडा तरी थबकला असता काय, हे मला सांगता येत नाही. परंतु जिल्ह्याच्या पानावर एकटे पडलेले नाव हे फार उघडे लक्ष्य असते.

कोणी म्हणेल, तुम्ही तुमचे स्वतःचे माध्यम का उभारीत नाही? प्रश्न रास्त आहे. चित्रकूटमध्ये २००२ पासून ग्रामीण स्त्रियांनी ‘खबर लहरिया’ बुंदेलीत चालवून दाखविले. आमचा माणूस घरात अहिराणी, कोकणी, मावची किंवा भिल्ली बोलतो आणि छापील मराठी त्याला कचेरीच्या भाषेसारखी वाटते. तेव्हा अशा पत्राची गरज आमच्याकडे बुंदेलखंडापेक्षा कमी नाही. सामुदायिक नभोवाणीचाही मार्ग आहे, माण तालुक्यात म्हसवडला तसे केंद्र चालते. परंतु २००६ च्या केंद्र सरकारच्या धोरणाने अशा केंद्रांना स्वतःची वार्तापत्रे देण्यास मज्जाव केला, आणि पुढे सवलत मिळाली ती आकाशवाणीच्याच बातम्या पुन्हा ऐकविण्याची. म्हणजे पाऊस कधी पडेल, बाजार कोठे भरेल, लस कधी टोचतील हे सांगावे. काल गावात काय झाले ते मात्र दिल्लीने सांगितले तरच सांगावे. राईनपाड्याच्या बाजारात पोहोचणारा आवाज बहुधा हाच असता, आणि त्याच्याच तोंडाला कुलूप आहे. या कुलुपाविरुद्ध आपल्या अग्रलेखांतून मी फारसे वाचलेले नाही. आपल्या स्वातंत्र्यावर गदा आली की जो आवाज उठतो, तो आमच्या वाट्याच्या बंदीवर उठू नये याचे मला नवल वाटते.

तेव्हा माझी विनंती आटोपशीर आहे. वार्ताहराचे मानधन जाहिरातीपासून तोडा, आणि त्याची बातमी राज्याच्या पानावर घ्याल तेव्हा तिच्यावर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे न छापता त्याचे नाव छापा. आठवड्यातून निदान एक दिवस असा ठेवा की, धुळ्याच्या आवृत्तीत सोलापूरचे, सोलापुरात गडचिरोलीचे, गडचिरोलीत रत्नागिरीचे पान जाईल. दुसऱ्या जिल्ह्यातील निवेदने व सत्कार तेथे नकोत, परंतु पांझरेवरच्या फड बागायतीत पाटकरी पाण्याची पाळी कशी लावतो, कोणत्या महिन्यात कोणता भटका समाज कोणत्या वाटेने निघतो, कोणत्या पाड्याने आपले रान कसे राखले, हे त्यात असावे, आणि ते तेथल्याच वार्ताहराने, त्याच्याच साध्या का होईना, पण जाणत्या मराठीत लिहिलेले असावे. कागदाचा खर्च वाढेल असे आपला व्यवस्थापक सांगेल. वाढदिवसांची एक पुरवणी वगळली तर तो भरून निघेल, असा माझा हिशेब आहे.

शेवटी, हे पत्र छापण्याची आपली इच्छा झाली, तर ते कृपा करून धुळे-नंदुरबारच्या पानावर छापू नये. तेथल्या लोकांना यातले सगळे ठाऊक आहे. ते मंगळवेढ्यात वाचले जाईल अशा जागी छापावे, आणि तिकडून कोणी रागाने उत्तर पाठविल्यास ते आमच्याकडे छापावे.



आपला,
पिंपळनेर येथील एक वर्गणीदार
(तालुका साक्री, जिल्हा धुळे)